अकेशियाचं ओलं लाकूड

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीमागं विमलाबायच्या भाड्याच्या खोल्या आहेत. तिथं झाड कापायचं मशीन घर्रर्र करून सुरू झालं, की बाकीच्या बायका धूळ नको म्हणून जनेलं लावून घेतात. कुसुम मात्र चपला शोधते.

दर मे महिन्यात विजेच्या तारांवर वाकलेली झाडं तोडायला टोळी येते. कुसुम पदर नाकाला लावून लांब उभी राहते. फांदी पडली, की हळूच पदर काढून वास घेते आणि परत येते. मागत काहीच नाही. मागून ठेवणार कुठं? आणि कशाला? येत्या दिवाळीला तर ती गावाला जाणार. कायमची.

ही येती दिवाळी बरीच वर्षं येतेच आहे. गडहिंग्लजजवळच्या गावातून कुसुम नवऱ्याच्या, हरीच्या, मागून इकडं आली, तेव्हाच म्हणाली होती, "दिवाळीपातूर हाय मी." हरी औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागला, तिथंच टिकला. पण कुसुमनं कपाट घेऊ दिलं नाही. न्यायला जड. भिंतीत खिळा ठोकू दिला नाही. दुसऱ्याची भिंत. विमलाबायनं हौसेनं अबोलीचं रोप दिलं, ते तिनं तेलाच्या डब्यात लावलं.

"जमनीत लाव गो," विमलाबाय म्हणाली. "डब्यात मुळं खंय पसरणार?"

"डबा उचलून न्यायला बरा पडतोय की."

"आणि तू बाईमाणूस ना गो? मग सकाळी 'मी जातो, मी येतो' काय म्हणतेस? मला वाटतं हरीच बोलतोय!"

"आमच्याकडं असंच बोलत्यात."

आमच्याकडं. हा शब्द उच्चारताना कुसुमची मान आपोआप पूर्वेला, घाटाकडं वळायची.

आमच्याकडं तिची चूल होती. सासूनं स्वतःच्या हातानं माती कालवून घातलेली, मागच्या सोप्यात. मरायच्या आधी सासू म्हणाली होती, "ही तुझी." शेत दिराच्या ताब्यात होतं, घरात जाऊ राहत होती, पण चूल कुसुमची. गॅसवरची भाकरी फुगायची, ताटात पडायची, हरी ती मुकाट खायचा आणि कुसुम मनातल्या मनात तिला नावं ठेवायची. काय ही भाकरी! पावडर लावून लग्नाला निघाल्यासारखी पांढरीफटक. काळा डाग नाही, राखेचा कण नाही, धुराचा वास नाही.

यंदा तोडायची पाळी समोरच्या अकेशियावर आली. सगळं झाडच खाली घेतलं. मशीन थांबलं, तशी आतलं तांबूस लाकूड बघून कुसुमच्या तोंडून निघून गेलं, "दादा, चार ढलप्या घेऊ का?"

टोळीचा मुकादम देवेश डोक्याचं फडकं सोडत म्हणाला, "चार कित्याक गो वैनी? सगळं घे."

"सगळं?"

"सगळं, ना तर कायच ना. चार तू घेतली, चार तिणें घेतली, उरलेलं मी डोक्यार घेऊन फिरूं? ट्रकात भरायचं, थंय न्यायचं, थंयचो माणूस म्हणणार हांगा नाका, तिकडे टाक. तुझ्या दारात ओतलं, की माझी माणसं जेवायला मोकळी!"

कुसुम हो म्हणाली का नाही, हे तिचं तिलाही आठवत नाही. माणसं मात्र जेवायला मोकळी झाली. दाराच्या उंबऱ्यापासून अबोलीच्या डब्यापर्यंत ओंडके, फांद्या, पाला. दुपारची झोप मोडून विमलाबाय बाहेर आली.

"आगे बाय माझे! कुसुम! माझी खोली खंय गेली?"

"हाय की मागं."

"दिसत ना ती!"

पण कुसुमला कुठलं ऐकू येतंय? तिनं परसात तीन दगड मांडले, पीठ मळलं, फांद्या मोडून आत सारल्या, नारळाच्या सुक्या सोडणावर काडी ओढली. सोडण जळलं. फांद्या जळेनात. त्या चुरचुरल्या, टोकांतून फेस काढू लागल्या, आणि मग असा धूर सुटला की शेजारचा सर्वेश रात्रपाळीची झोप टाकून खोकत बाहेर आला. "वैनी, डास मारतेस की आमकां?"

विमलाबायनं तांब्याभर पाणी ओतून प्रकरण मिटवलं. "आज तोडलं आणि आज पेटवतेस? ओलं ना गो ते! फोडायचं, उन्हात रचायचं, वयर माडाची चुडतां घालून पावसाळो काढायचो. फुडल्या वर्सा पेटणार हें."

"पुढच्या वर्षी?"

"मग काय गो? आमच्या पुरुमेंताचं, पावसाच्या बेगमीचं, लाकूड नेहमी आदल्या वर्साचं."

कुसुमच्या गावात तुरकाट्या शेतातच वाळून उभ्या असायच्या. शेणी भिंतीवर थापली, चार उन्हं खाल्ली, की पेटली. जाळासाठी वर्षभर थांबायचं असतं, हे तिला नवीनच होतं.

"पुढच्या वर्षी आमी कुठं असणार हितं? तुमीच घ्या हे. आमी दिवाळीला चाललाव."

"किती दिवाळ्यो गेल्यो गो?" विमलाबाय बोलून गेली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. मग उगाच आवाज चढवून म्हणाली, "मी हात लावचें ना. तू मागलेलं, तुझं."

मग कुसुमनं देवेशला फोन केला. देवेश म्हणाला, फाल्यां, उद्या सकाळी, दुसऱ्या कामाला जाताना ट्रक घेऊन येतो, उचलतो. पण वैनी, पुन्हा मागू नाका हां.

संध्याकाळी जावेचा, सुप्रियाचा, व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी तिचं नुसतं कपाळ दिसलं, मग छत, मग सगळं गुलाबी.

"अक्का, बघा तरी! फरश्या घातल्या! ओटा बघा, कसा चकाकाय लागलाय. मागचा सोपा वळकू येतोय का?"

"छान दिसतंय," कुसुम म्हणाली. "जरा डावीकडं फिरव की. कोपऱ्यात."

फोन फिरला. कोपऱ्यात लाल सिलिंडर उभा होता.

"चूल गं?"

"ती व्हय? पाडली की! नुसती काजळी, अक्का. माती परड्यात टाकली, तिच्यावर दोडका लावलाय. काय धरलाय म्हणून सांगू! थांबा, दावतो." फोन हलत हलत परड्यात गेला. हिरवागार वेल, पिवळी फुलं. "तुमी आलासा की पिशवी भरून देतो. कवा येतासा?"

सुप्रियाच्या बोलण्यात खोट नव्हती. तिथं राहणारी ती, खोकणारी ती. कुसुमला हेही कळत होतं, म्हणून रागावायलासुद्धा काही हाताला लागेना.

"येतो की," ती म्हणाली. "दिवाळीला" हा शब्द ओठापर्यंत आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिथंच राहिला.

सकाळी ट्रक दारात आला. देवेशची माणसं उतरली. एकानं ओंडक्याला हात घातला, तशी कुसुम दारातून ओरडली, "ठेवा ते!"

देवेशनं कपाळाला हात लावला. "वैनी, काल म्हणालीस उचल."

"काल म्हणालो. आज ऱ्हाऊ दे."

"पक्कं?"

"आरं, पक्कं म्हणजे काय लिहून देऊ? फक्त तेवढे मोठे ओंडके मशीननं चिरून द्या. माझ्या कोयत्याला न्हाई झेपायचे."

देवेश बडबडला, हसला आणि मशीन घर्रर्र सुरू झालं. विमलाबायनं जनेल उघडलं, बघितलं, आणि मागल्या दारानं माडाची चुडतां ओढत आणून टाकली. भुसा उडत होता. त्याचा वास आंबटगोड होता. आमच्याकडचा नव्हे. कुसुमनं पदर नाकाला लावला नाही.

हरी पाळीवरून आला, तेव्हा ती लाकडाची फाटी रचायला बसली होती, नेमकी त्याची मोटारसायकल उभी राहते त्या भिंतीला. तो फाटकातच थांबला.

"हे कवा वाळणार?"

"पुढल्या वर्षी."

सुप्रियाचा कॉल हरीलाही गेला होता. त्यानं मोटारसायकल ढकलत नेली आणि पलीकडं उन्हात लावली. मग बाह्या सारून म्हणाला, "तळाला चिरे घाल. न्हाईतर वाळवी लागंल."

विमलाबायच्या कुंपणाचे पडके चिरे परसात होतेच. हरी एकेक आणून देत गेला, कुसुम भिंतीला लावत गेली. शेवटी तीन चांगले बघून तिनं बाजूला काढले.

"ते कशाला?"

"चुलीला नगोत?" कुसुम म्हणाली, आणि चिऱ्यांवरची माती पदरानं पुसू लागली.