घड्याळ बरोबर आहे

माझा दादा घुम्या. लहानपणी त्याचा कान फुटला, तेव्हा उशीवरचा डाग बघून आईला कळलं. अशा माणसाच्या वाट्याला शब्दकोशाचं काम यावं, हा विनोद आमच्या घरात चघळून चघळून चोथा झालाय.

हा कोश माणसांनी नाही, संगणकाने वाचायचा. शब्दाचे अर्थ, त्याची रूपं, तो कुठे चालतो, कुठे नाही, सगळं यंत्राला उमजेल असं मांडायचं. वहिनी या कोशाच्या ऑफिसात दादाच्या आधीपासून तपासनीस होती आणि मी हिशेब बघायचे. तेव्हा फायली मेलवरून फिरायच्या. एकाने सुधारलेलं दुसरा पुसायचा आणि मग जेवणाच्या सुट्टीत दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायचे. हा गोंधळ निस्तरायला दादाला घेतलं.

त्याने वर्षभर खपून ब्राउझरमध्ये चालणारी व्यवस्था उभी केली. नोंद लिहिणाऱ्याकडून तपासनिसाकडे जाणार, तिथून संपादकाकडे. एकाने उघडली की बाकीच्यांना ती बंद. त्याने सोडली की पुन्हा सगळ्यांच्या रांगेत. प्रत्येक उघड्या नोंदीवर एक छोटं घड्याळही होतं. कुणी नोंद उघडून विसरला तर कळावं, एवढाच त्याचा उपयोग. भांडणं थांबली. वहिनी नवऱ्याचं तोंडावर कधी कौतुक करायची नाही, पण त्या आठवड्यात तिने ऑफिसात प्रत्येकाला धरून धरून ती व्यवस्था शिकवली.

अवघड शब्दांना मात्र कुणी हात लावायचं नाही. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आणि मन लागत नाही. वहिनी सकाळी आल्या आल्या असे सगळे शब्द उघडून ठेवायची. काम एकावर, बाकीचे नुसतेच उघडे. रांगेत राहिले तर कुणीतरी घाईघाईने 'मंजूर' दाबून मोकळं होईल, ही तिची धास्ती.

"माझ्याकडे आहेत तोवर धड आहेत," म्हणायची. कोंबडी अंड्यांवर बसते तशी ती त्या शब्दांवर बसायची. सगळी घड्याळं चालू राहायची.

मग वरून पैसा आटला आणि माणसं कमी करायचं ठरलं. साहेबांनी दादाच्याच व्यवस्थेतल्या घड्याळांवरून रिपोर्ट काढला. सगळ्यात संथ कोण, तर वहिनी.

दादा साहेबांकडे गेला. मी सही घ्यायला तिथेच उभी होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

"तुमचं घड्याळ चुकतं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. घड्याळ बरोबर आहे. पण ती..."

"बरोबर आहे ना? मग झालं."

"साहेब, त्याचं ऐकून तरी घ्या," मी म्हणाले.

"तुम्ही हिशेबाचं बोला."

तेवढ्यात फोन वाजला. साहेब फोनवर हसत होते आणि दादा त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. फोन संपायच्या आत तो बाहेर निघून गेला.

वहिनीचं लॉगिन बंद करायचं काम अर्थातच त्याचं. ते बंद झालं तशा तिने धरून ठेवलेल्या नोंदी सुटल्या आणि रांगेत गेल्या. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या मंजूर. 'लागणे'चे कोशात दोनच अर्थ उरले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. वहिनीने दादाला विचारलं, "माझे शब्द?"

"रांगेत गेले."

तिने त्याचं ताट वाढलं आणि आत जाऊन पडून राहिली.

माझं डोकं फिरलं होतं. साहेब तर साहेबच, त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची. पण ज्या गप्पपणाची आम्ही जन्मभर थट्टा केली, त्याने घरच्याच माणसाच्या पोटावर पाय दिला. मला दादाचा राग येत होता आणि त्याच्या पडलेल्या खांद्यांकडे बघून तो बोलूनही दाखवता येत नव्हता.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्यांच्याकडे जेवायला होते. दादा चक्क आपणहून बोलायला लागला. त्याने घड्याळ सुधारलं होतं. नोंद नुसती उघडी असली तर आता ते थांबायचं, हात चालू असेल तेवढाच वेळ मोजायचं. जुन्या सगळ्या नोंदींवर त्याने ते चालवूनही बघितलं होतं.

"तू सगळ्यांच्या पुढे आहेस," तो वहिनीला म्हणाला. "बरीच पुढे."

वहिनीचा हात ताटावरच थांबला. कितीतरी दिवसांनी तिने त्याच्याकडे नीट बघितलं.

"साहेबांना दाखवलंस?"

दादाने पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा झाला तरी तोंडाला लावून बसला.