पिवळा भोंगा

आज प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार. बेसबॉलच्या मॅचला चाहते हातावर बडवतात तो कपाटातला पिवळा प्लास्टिकचा भोंगा टाकायला काढला, तर नवरा ओरडला, "हात लावू नकोस!"

याच भोंग्याने मला मान खाली घालायला लावली होती. या परक्या देशात, निशी-कसाईत, नवे होतो, पहिलीच मॅच, आमच्या संघाच्या चाहत्यांमध्ये बसलेलो. समोरच्या संघाच्या खेळाडूने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलावला आणि हा उठून आनंदाने भोंगा बडवायला लागला. अख्खा स्टँड गप्प. मी त्याचा शर्ट ओढला.

"अगं, फटका बघ ना! कुणाचा का असेना!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता समोरच्यांनी असा फटका मारला की हा जेवत नाही. त्यात आमचा संघ दरवर्षी तळाला! सीझनभर मी भाजी पुन्हा पुन्हा गरम करते आणि कुणाच्याही फटक्यावर खूश होणाऱ्या त्या माणसाची वाट बघते.