बहात्तरच्या दुष्काळाची आरोपी

मागच्या रविवारी नेकनूरच्या पुढच्या एका गावात मी चक्क गप्प झालो... तेही हातात माईक असताना. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गावातल्या महिला बचत गटाने वाढत्या उन्हावर बोलायला बोलावलं होतं. मारुतीच्या सभामंडपात बाया खाली सतरंजीवर, पुरुष मंडळी कडेने प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, आणि वर दोन पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. मी पहिल्याच मिनिटाला आवाज चढवला. हे ऊन देवानं वाढवलेलं नाही, माणसानं वाढवलंय, गाड्या-कारखान्यांच्या धुरातल्या कार्बननं, दोषी आपण सगळे आहोत... मारुतीराया दचकला असेल.

पुढच्या खुर्चीवरून दगडूअण्णा उठले. सत्तरीकडे झुकलेले, पांढरी टोपी, गालात तंबाखू.

"सायेब, बहात्तरला आमी सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले. गावात एक मोटारसायकल नव्हती तवा. मग त्यो दुष्काळ कोन्या कार्बननं आनला?"

जोरात हशा पिकला. असा माणूस सभेत भेटला की मला स्फुरण चढतं. पण मी तोंड उघडायच्या आत सतरंजीवरून एक म्हातारी उभी राहिली... कौसाबाई, अण्णांची थोरली भावजय.

"माणसानं केलं म्हनता," पदर सारखा करत ती मला म्हणाली. "कोन्या माणसानं?"

मला वाटलं, हीही दिराच्याच बाजूची. तेवढ्यात ती पुढे बोलली.

"म्या बहात्तरलाच हितं नांदाया आले. पाऊस पडला न्हाई. सासू म्हनली, पांढऱ्या पायाची सून आली. मग आख्खं गाव म्हनलं. आडावर माझी घागर मागं सारायचे. तवा बी लोकं असंच छाती ठोकून बोलायचे बाबा, तुमच्यावानी. मग त्यांचं खोटं आन् तुमचं खरं, ते कशावरनं?"

तोंडाशी धरलेला माईक मी खाली घेतला. अण्णा जमिनीकडे बघत होते.

इतकी वर्षं मी शंका घेणाऱ्यांशी भांडतोय... फेसबुकवर, लग्नाच्या पंगतीत, कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये. त्यातल्या बहुतेकांना वाद जिंकायचा असतो, आणि खरं सांगायचं तर मलाही. या बाईला पुरावा हवा होता. एकदा बिनपुराव्याच्या आरोपाखाली भरडून निघालेल्या माणसाने दुसऱ्या आरोपाच्या वेळी पुरावा मागितला, तर त्याला अडाणी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

मी माईक बाजूला ठेवला आणि सतरंजीच्या कडेला जाऊन बसलो.

"आजी, वाकळ पांघरली की आत अंग तापतं. वाकळीला वरून हात लावला तर?"

"गारच लागती की."

"हवेचं तसंच झालंय. सूर्यच जास्त तापला असता तर खालची हवाही तापली असती आणि फार वरचीही. पण मोजून बघितलं तर खालची तापतेय, वरची गार होतेय. म्हणजे चूल भडकलेली नाही... वाकळ जाड झालीय. आणि कोळसा, डिझेल जाळून निघालेल्या कार्बनची खूण वेगळी असते. ती खूण हवेत सापडते. हे कुणी अंगात येऊन सांगितलेलं नाही. देशोदेशीच्या लोकांनी वेगवेगळं मोजलं, एकमेकांच्या चुका काढल्या, तरी उत्तर तेच आलं."

"मग ह्यात माझा हात किती?"

"नखाएवढाही नाही. शंभर-दीडशे वर्षं ज्यांनी मोठमोठे कारखाने, वीजघरं, गाड्या चालवल्या, त्यांचा मोठा. बाहेर उभी आहे त्या माझ्या गाडीचा थोडा." आपण सगळेच दोषी, असं मघाशी मी माईकवरून ओरडलो होतो... ते एका वाक्यात खाली आलं.

तिनं पुन्हा पदर सारखा केला. मग अगदी हळू म्हणाली, "आन् बहात्तरचं?"

तेव्हा कळलं, हीच खरी शंका होती. पन्नास वर्षांहून जास्त काळ उराशी धरलेली.

मी अण्णांकडे वळलो. "अण्णा, मघाशी तुम्ही काय म्हणालात? मोटारसायकल नव्हती, तरी दुष्काळ पडला. बरोबर आहे तुमचं. पाऊस पूर्वीही एखाद्या साली दगा द्यायचा. आता हवा तापल्यामुळे त्याचा मार जास्त बसतो, एवढंच विज्ञान म्हणतं. पण बहात्तरचा दोष गावातल्या कुणाचाच नव्हता, हे तुम्हीच सांगितलंत. मग वहिनींचा कसा असेल?"

अण्णा उठले, बाहेर जाऊन तंबाखू थुंकले, चूळ भरली. परत आले ते स्वतःची खुर्ची उचलून, आणि ती त्यांनी सतरंजीजवळ आणून ठेवली.

"वैनी, वर बसा."

"ऱ्हाऊ द्या भाऊजी. इतकी वर्सं खालीच बसले की."

"म्हनूनच म्हनतो. बसा." मग घसा खाकरून म्हणाले, "बारका हुतो... पर मी बी म्हनलो हुतो तवा. चुकलं."

कौसाबाई बसली. तिच्या शेजारच्या बाया डोळे पुसत होत्या. पुढे भाषण करण्यात काही अर्थच नव्हता... चहा आला.

निघताना अण्णा गाडीपर्यंत आले. "कार्बनचं मला आजून पटलं न्हाई बरं का!" मी हसलो. हात मात्र त्यांनी घट्ट धरला होता.

पुराव्यानं माणूस दोषी ठरतो, हे मी व्यासपीठावरून ओरडत आलोय. पुराव्यानं एखादी बाई सुटतेही, हे त्या सतरंजीवर बसून पाहिलं.

गाडी सुरू केली तर कौसाबाई खिडकीशी आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तवा कुठं हुतास रे लेकरा?"

तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण ते सांगावंसं वाटलं नाही. "उशीर झाला, आजी," एवढंच म्हणालो.