मला पाइपवाला म्हणायचे

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात आठ वर्षं लोक मला पाइपवाला म्हणाले. बोल्ट अडला की पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून जोर काढणारा आडदांड मिस्त्री, असा त्याचा अर्थ. आणि मी उभ्या जन्मात पाइप लावला नाही. कोणताही बोल्ट मी आधी बोटांनी तीन फेरे फिरवायचो. बोटांनी गेला तरच पाना हातात घ्यायचो.

पाइप लावायचा तो आमचा उस्ताद. गॅरेज त्याचं, मी त्याच्याकडे पंचविशीतला मिस्त्री. त्याची हयात ट्रक-जीपांवर गेली होती. ते लोखंड त्याचा जोर सोसायचं. पण एकोणीसशे साठच्या सुमारास गावात छोट्या मोटारी आल्या. त्यांच्या इंजिनाचं हेड, म्हणजे प्लग बसतात तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. ते तापलेलं असताना जबरदस्ती केली की भोकातले आटेच निघून येतात. उस्तादाला हे सांगायची सोय नव्हती.

एका सकाळी वकीलसाहेबांची गाडी आली. साहेब सिवनीला कोर्टातल्या पेशीसाठी निघाले होते, लालबर्र्यापर्यंत जाऊन गाडी आचके देत परत आली होती. इंजिनावर हात ठेववत नव्हता. मी म्हणालो, "उस्ताद, थंड होऊ द्या थोडं."

"आता तू शिकवशीन का बे मले?" म्हणत त्यानं पान्यात पाइप घातला आणि हिसका दिला. प्लग निघाला. त्याच्या अंगाला गुंडाळून आटेही निघाले, चांदीच्या तारेसारखे. आतलं भोक गुळगुळीत.

साहेब तेव्हा समोरच्या पानठेल्यावर, आमच्याकडे पाठ करून उभे होते. ते वळायच्या आत उस्तादानं पाना पाइपासकट माझ्या हातात कोंबला आणि ओरडला, "सत्यानाश कर दिया. किती डाव सांगतलं याले, पाइप लावू नको म्हणून."

मी तो पाना धरून उभा राहिलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, उस्तादाकडे पाहिलं, पानाची पिंक टाकली आणि सायकलरिक्षा बोलावली. दुपारी मी गॅरेजाबाहेर. मग गावात कोणी मला दारात उभं केलं नाही. लालबर्र्याला माझी सोयरीक ठरत आली होती, तीही मोडली. ज्याचा हात असा, त्याच्या घरी पोरगी कशी नांदेल, असा निरोप आला.

मी भरवेलीच्या खाणीवर लागलो. तिथं लेथवर एकच काम मनापासून शिकलो, मेलेले आटे जिवंत करायचं. भोक मोठं करायचं, रॉकेल सोडत त्यात नवे आटे पाडायचे, आटे कापायचं हत्यार, म्हणजे टॅप, अर्धा फेरा पुढे की पाव फेरा मागे. मग पितळेचा बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली आखूड नळी, लेथवर कातायचा, हेड उकळत्या पाण्यात तापवून त्यात तो फिरवायचा. हेड थंड झालं की बुशाला असं आवळतं की जन्मात सुटत नाही. प्रत्येक बुश बसवताना मला उस्तादाचं तोंड दिसायचं. सहा वर्षांनी मी दुकान टाकलं ते मुद्दाम त्याच्या गॅरेजाला लागून. त्याचा पाइपच त्याला माझ्या दारात आणणार, हे मला ठाऊक होतं.

दोन वर्षांनी आणलं. त्यानं स्वतःची टॅक्सी घेतली होती, तिच्याच हेडचे आटे घालवून बसला. पोत्यात गुंडाळलेलं हेड घेऊन उभा राहिला. "करून दे बावा. वरातीची गाडी हाये."

"करतो," मी म्हणालो. "पयले हे खांद्यावर घ्या अन् चाला माह्यासंगं. वकीलसाहेबाच्या घरी."

भर बाजारातून नेलं त्याला. दोनदा हेड खाली ठेवू पाहिलं त्यानं, दोनदा मी नाही म्हणालो. इतकं बरं मला आठ वर्षांत वाटलं नव्हतं. साहेब ओसरीवर पेपर वाचत होते. उस्ताद धापा टाकत म्हणाला, "साहेब, त्या दिवशी पाइप मी लावलता. याचा काही कसूर नव्हता."

साहेबांनी पेपर खाली केला नाही. "ठाऊक आहे मला. पानठेल्याच्या आरशात सगळं दिसलं होतं."

मी विचारलं, "मंग बोलले काहून नाही, साहेब?"

"अरे, गाडी त्याच्या गॅरेजात उघडी पडली होती. त्याच्याशी वाकडं घेऊन ती जोडली असती कोणी?"

परत येताना हेड मीच उचललं. उस्तादाचं काम त्याच दिवशी करून दिलं. माझा सगळा राग त्या ओसरीवर जाऊन बसला होता.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांच्या ड्रायव्हरनं गरम इंजिनाचा दुसरा प्लग खोलला आणि आटे घालवले. गाडी ढकलत माझ्या दुकानापुढे आणली. साहेब स्वतः आले.

"हे काम उस्तादाकडं न्या," मी म्हणालो.

"अरे, तो पाइप लावतो ना."

"हौ साहेब. आठ वर्षं हे एवढंच ऐकायचं होतं मले तुमच्या तोंडून."

गावात बुश बसवणारा दुसरा कोणी नव्हता. शेवटी साहेबांनी गाडी दोरीनं ट्रकमागे बांधली, राजेगाववरून गोंदियाला न्यायला. मी समोरच्या पानठेल्यावर गेलो, पान सांगितलं, आणि रस्त्याकडे पाठ करून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत आरशात पाहत राहिलो.