शून्याचं शेपूट

फणसेकाकांची वीज कापली, ही बातमी परदेशीपुऱ्यात पोहेवाल्याच्या गाडीपासून थेट हनुमान मंदिरापर्यंत गेली. बिल थकवलं म्हणे! साफ खोटं. कापली कुणीच नव्हती. भर वैशाखात सुधाकर फणश्यांनी आपल्याच हाताने मेन स्विच खाली ओढला होता. छतावर आठ सोलर पॅनल चकाकतायत, आणि खाली हा माणूस पुठ्ठ्याने वारा घेतोय.

काका मिलमधले जुने वायरमन. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा जोड कधी सैल निघाला नाही. म्हणून तर सोलर कंपनीच्या मनीषने गल्लीत शिरताच आधी त्यांना गाठलं. "काकाजी, जीरो मतलब जीरो! बिल को भूल जाओ." काकांनी त्याला पानावर बसवून आमरस वाढला, पॅनल बसवले आणि त्याचं वाक्य गरम जिलबीसारखं घरोघर वाटलं. सात घरांनी ऐकलं. शेजारच्या जनाबाईंनी तर छतावर सावली पडते म्हणून दारचा शेवगा तोडला. सातही घरांचं आतलं वायरिंग काकांनी फुकट करून दिलं.

पहिलं बिल आलं आणि जनाबाई ते फडकावतच आल्या. "सुधाकर, तुझ्या शून्याला हे शेपूट कसलं रे?"

काका वीज ऑफिसात गेले. खिडकीवरची मुलगी चहा ढवळत म्हणाली, "अंकलजी, कनेक्शन ठेवलंय ना? मग मिनिमम चार्ज लागणारच. एक युनिट नका जाळू, तरी."

मनीषने सहाव्या वेळी फोन उचलला. "मैंने यूनिट का जीरो बोला था काकाजी, बिल का थोड़ी!"

फोन बंद झाला तरी काकांनी तो कानालाच धरून ठेवला.

जनाबाईंना मिनिमम-बिनिमम पटेना. "न वापरलेल्याचे पैसे कोण घेतं? तुझ्याच वायरिंगमधून गळतेय वीज. शेवगा गेला माझा!" दोन दिवसांत सातही घरं हेच म्हणू लागली. मनीषने फसवलं ते काकांनी गिळलं असतं. पण हाताला नावं ठेवलेली?

त्यात भर माझी, गल्लीतल्या नकलाकार पोरीची. मान तिरकी करून, काकांच्या घोगऱ्या आवाजात "जीरो मतलब जीरो, भिया!" करून मी गल्ली हसवायची. एकदा मागे वळले, तर काका उभे.

"पलक, पैज लाव. महिनाभर मेन बंद. ना दिवा, ना पंखा. बाहेरची लाइन नसली की आमचे पॅनलही झोपतात. तरी बिल येईल."

"हट्! अंधाराचं कुठे बिल येतं?"

"आलं, तर जनाबाईंसमोर सांगायचं, गळती फणश्याच्या हाताची नव्हती. नक्कल न करता."

"आणि नाही आलं तर?"

"तर मी सांगेन, होती."

महिना झाला. बिल आलं. वापर शून्य, आणि खाली मिनिमम चार्ज, जागच्या जागी. काकांनी दोनदा वाचलं आणि घाम पुसत माझ्या हातात दिलं.

"मला वाटलं होतं गं, निदान हे तरी मी हरेन. तेवढं तरी शून्य खरं निघेल."

पैज मी हरले. तोडलेल्या शेवग्याच्या खुंटापाशी उभी राहून जनाबाईंना सगळं सांगितलं.

"हा कुणाचा आवाज काढतेयस आता?"

"माझाच आहे, आजी."

त्यांनी बिल उलटंसुलटं पाहिलं. मग भिंतीवरून हाक मारली, "सुधाकर, मेन वर कर आधी. उकडून मरशील!"