कोरं कार्ड

उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका छोट्या दवाखान्यासाठी मी पेशंटच्या कार्डांचा प्रोग्राम लिहिला होता. काउंटरवर बदलापूरकडच्या एक ताई बसायच्या. वयानं मोठ्या, तरी मला भाऊ म्हणायच्या. नंबर टाकला की कार्ड उघडायचं. त्या नंबराचं कार्डच नसेल तर लाल अक्षरांत सूचना यायची.

"भाऊ, ते लाल बघितलं की भीती वाटते. समोर लाइन, आतून डॉक्टर ओरडतात. काढा की ते."

काढलं. नसलेलं कार्ड कुणी मागितलं, की त्याच क्षणी नवं बनवून पुढ्यात ठेवायचं. आमच्या कामात ही सर्रास पद्धत आहे. आधीपासून रिकाम्या कार्डांचा ढीग कशाला लावा? ताईंनी खुशीनं डबाभर जांभळं आणली.

पुढं एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नंबरातला एक आकडा चुकला. प्रोग्राम बोलला नाही. त्यानं कोरं कार्ड बनवून दिलं. बऱ्याच जुन्या कार्डांवर नाव चढवायचं राहिलेलं असायचंच, म्हणून ताईंना संशय आला नाही; त्यांनी नाव भरलं. 'न चालणारी औषधं' हा रकाना कोरा. डॉक्टरांना वाटलं, सगळी चालतात. इंजेक्शन दिलं, नेमकं न चालणारं. गृहस्थ दुसऱ्या दिवशी गेले.

डॉक्टरांनी मला बोलावलं. "मशीन में कुछ गडबड है क्या?"

"नाही डॉक्टर. नंबर चुकीचा टाकला गेलाय."

खोटं नव्हतं. ताई तिथंच उभ्या होत्या. त्याच दिवशी त्यांचं काम सुटलं. ती लाल सूचना मी गुपचूप परत घातली. दोन ओळींचं काम.

त्यानंतर सहा वर्षं मी तो रस्ता टाळला.

गेल्या महिन्यात त्या अंबरनाथला दिसल्या, शिवमंदिराच्या वाटेवर बेल विकताना. मला बघून हसल्या. "तुमचं काम चांगलं होतं हो भाऊ. माझ्याच हातनं माणूस गेला. त्यांच्या नावानं सोमवार धरते."

मग मात्र मी सांगितलं. सगळं.

त्या बेलावर पाणी शिंपडत राहिल्या. "म्हणजे त्या दिवशी लाल आलं असतं?"

"आलं असतं."

त्यांनी एक जुडी सोडून पुन्हा बांधली. मग हळूच म्हणाल्या, "ते काढा म्हणून मीच तर मागं लागले होते."

"तुम्हाला भीती वाटली, तेवढंच तुम्ही बोललात, ताई. कोरं कार्ड मी बनवलं. आणि गप्पही मीच बसलो."

त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. गिऱ्हाईक आलं होतं. त्या पानं मोजू लागल्या, चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.