गुरुवारी अकरा वाजता

इंदूताई रांगणेकरांच्या पत्राचा शेवट ठरलेला असायचा. "कळावे", "आपली नम्र", "कृपाभिलाषी" यातलं काहीच नाही. शेवटची ओळ एवढीच: "मी गुरुवारी अकरा वाजता येते." खाली सही. ज्याला पत्र लिहिलंय त्या माणसाने त्यांना बोलावलेलं नसायचं, बहुतेक वेळा तो त्यांना ओळखतही नसायचा. तरी गुरुवारी अकराला ताई त्याच्या दारात उभ्या असत. निळ्या काठाचं सुती पातळ, काखेत छत्री. ऊन असो नसो, छत्री हवीच. ती उन्हासाठी नव्हतीच मुळी.

ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही. वडील दरबारच्या कचेरीत होते, त्यांच्यामागे ताई तिथेच टायपिस्ट म्हणून लागल्या आणि पुढे सगळ्या टायपिस्टांच्या मुख्य झाल्या. दरबार गेला, मध्यभारत आला. ताईंची खुर्ची हलली नाही. मग मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला निघाली आणि ताईंच्या हातात हुकूम पडला. अमुक तारखेच्या आत भोपाळला हजर व्हा, नाहीतर नोकरी सोडली असं धरू. सोबत सगळ्या संस्थानांच्या नोकरांची एकत्र केलेली ज्येष्ठतेची यादी होती. त्यात ताई बऱ्याच खाली गेल्या होत्या.

"मशीनमध्ये कागद सरळ कसा घालायचा हे ज्याला मी शिकवलं, तो माझ्या डोक्यावर," त्या आईला सांगत होत्या. "आणि त्याच्या हाताखाली बसायला मी भोपाळला जायचं! नकाशा त्यांनी बदलला, काकू. मी माझा पत्ता का बदलू?"

"अगं, पण मग करशील काय?" आई म्हणाली. "दादाकडे नागपूरला जाशील?"

दादांचं पत्र आलेलंच होतं. भावाने मायेनेच लिहिलं होतं, की नोकरी सोडून दे, इकडे ये, वहिनीला हाताखाली कुणीतरी हवंच आहे. ताईंनी ते पत्र आईला वाचून दाखवलं आणि "हाताखाली"शी थांबून चष्म्यावरून पाहिलं. बस. म्हणजे एकीकडे भोपाळ, एकीकडे नागपूरचं स्वयंपाकघर. त्या तारखेच्या आत ग्वाल्हेरात काम मिळालं तरच तिसरी वाट.

मी तेव्हा ताजा बी.ए. होतो. तिसरा वर्ग. ताई मला नावाने कधीच हाक मारत नसत. "काय रे बी.ए., काय करून राहिलास?" असं गच्चीवरून विचारत, आणि सगळ्या गल्लीला कळे की मी काहीच करून राहिलेलो नाही.

नोकरीसाठी मीही लिहीत होतो, पण माझी पद्धत खानदानी. आमचे आजोबा दरबारात चोपदार, म्हणजे स्वारीपुढे चांदीची काठी घेऊन ललकारी देत चालायचे. घरात त्या काठीचा इतका अभिमान, की मला वाटे ती अर्जात आली की समोरचा उभा राहून मुजरा करील. एका कापडगिरणीच्या मॅनेजरांना मी पानभर आजोबा लिहिले. काठीचं वर्णन, दसऱ्याची स्वारी, हत्ती. बी.ए. शेवटी, जागा उरली तिथे. उत्तर लगेच आलं: "आमच्या गिरणीत सध्या मिरवणूक निघत नाही. निघू लागल्यास कळवू."

ताईंना ते दाखवलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. फार हसू आलं की त्या चष्मा पुसत, तेवढा पुसला.

"हा अर्ज आहे, बी.ए. अर्ज म्हणजे हात पसरणं. पत्र म्हणजे हात पुढे करणं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले. 'सेवेशी सादर', 'हुजुरांचे चरणी'... बोटं वाकडी झाली. आता माझ्या मशीनमधून अर्ज निघणार नाही."

मशीन त्यांचं स्वतःचं होतं, जुनं, काळं. त्यांची रीत अशी. आधी त्या गिऱ्हाईक होत. एखाद्या व्यापाऱ्याला साधं कार्ड टाकत, अमुक मालाचा भाव कळवा. उत्तर चटकन आलं तर त्याचं नाव सोडून देत. आलंच नाही, तर दुसरं पत्र जाई: "मी भाव विचारला होता, आपण कळवला नाही. अशी पत्रं आपल्याकडे रोज येत असतील आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जात असेल. उत्तरं देण्याचं काम मला येतं. मी गुरुवारी अकरा वाजता येते." व्यापाऱ्यांना हिंदीत, मशीनवर; साहेबांना इंग्रजीत, हाताने. पान कधीच भरायचं नाही.

मला ही युक्ती इतकी आवडली की मी ती त्याच दिवशी सुधारली. शहराबाहेरच्या चिनी मातीच्या एका कारखान्याला लिहिलं, की आम्ही दरबारचे मानकरी, घरात मोठं लग्न, लोणच्याच्या बरण्या पाहिजेत, पैशाला मागे हटणार नाही. उत्तर येणार नाही या भरवशावर मी दुसरं पत्रसुद्धा लिहून ठेवलं. चौथ्या दिवशी दारात हातगाडी. त्यावर पेंढ्यात बसलेल्या बरण्या, लहानापासून मोठीपर्यंत, नमुन्यादाखल. गाडीवाला ओरडतोय, "मानकरी साब का घर यही है?" आणि आई विचारतेय, "काय रे, लग्न कुणाचं?"

ताई गच्चीवरून खाली आल्या. गाडीवाल्याला पाणी दिलं, चहा दिला, गोड बोलून बरण्या परत पाठवल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"इतकं चोख उत्तर देणाऱ्यांना तुझी काय गरज, गाढवा? आणि खोटं लग्न कशाला? मी कार्ड टाकते तेव्हा मला भाव खरंच हवा असतो. घरात तीन पायपुसणी झालीत माझ्याकडे."

युक्ती चांगली होती, पण गुरुवार मात्र कोरडे जात होते. एका विमा कचेरीचे साहेब म्हणाले, बायकांसाठी आमच्याकडे वेगळी बसायची सोय नाही. ताई म्हणाल्या, "पुरुषांसाठी तरी कुठे दिसतेय? मला कोपऱ्यात बसवा, ते लाजतील तर पडदा त्यांना लावा." साहेबांनी घंटा वाजवून शिपायाला बोलावलं. दुसऱ्या एका ठिकाणी दरवान म्हणाला, "साब ने बुलाया है क्या?" ताई म्हणाल्या, "नहीं, मैंने बुलाया है." तिथे निदान आत जाता आलं. बाहेर येताना त्यांच्या हातात सरबताचा पेला होता, नोकरी नव्हती.

कचेरीतली दप्तरं ट्रकवर चढू लागली. तारखेच्या आधीचा शेवटचा गुरुवार उरला. टोपी बाजारातले सतरंज्यांचे घाऊक व्यापारी, एक म्हातारे सेठजी, यांच्याकडे पत्र गेलं होतं. त्या दिवशी ताईंनी मशीन बरोबर घेतलं. माझ्या सायकलच्या कॅरियरला ते बांधलं आणि आम्ही चालत निघालो. दुकानाच्या पायरीशी ताई म्हणाल्या, "बी.ए., आज नाही म्हणाला तर मला नागपूरचं तिकीट आणून दे. भोपाळचं नको." आवाज नेहमीसारखाच होता, छत्री मात्र दोन्ही हातांनी धरली होती.

मुनीम गादीवरूनच म्हणाला, "बहनजी, जनाना माल सामने."

"माल नहीं चाहिए. आपकी चिट्ठियाँ चाहिए."

सेठजींनी मान वर केली. "अच्छा, वो गुरुवारवाली! बाई, लेकिन जगह तो है नहीं."

"जागा मी विचारलीच नाही," ताई माझ्याकडे बघून मराठीत पुटपुटल्या, आणि मोठ्याने म्हणाल्या, "जगह नहीं, चिट्ठियाँ दिखाइए."

सेठजींना मजा वाटली असावी. त्यांनी एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत कार्डं, पाकिटं, अर्धी न फोडलेली. ताई सरळ सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या, दुसऱ्या गठ्ठ्यावर मशीन ठेवलं आणि वाचू लागल्या. झाशीचा एक व्यापारी एकाच रंगाच्या सतरंज्या पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटच्या कार्डावर त्याने लिहिलं होतं की आता आग्र्याहून मागवल्या, आपण तसदी घेऊ नये. ताईंनी ते मोठ्याने वाचलं. मुनीम खोकला. सेठजींनी टोपी काढून परत घातली.

ताईंनी कागद चढवला. झाशीवाल्याला उत्तर टाइप केलं, सेठजींपुढे धरलं आणि म्हणाल्या, "दस्तखत." सेठजींनी वाचलं, पुन्हा वाचलं, सही केली.

"महीना भर देख लेते हैं," ते म्हणाले.

"देखिए," ताई म्हणाल्या. "मैं भी देखूँगी."

त्या गठ्ठ्यावरून ताई थेट म्हातारपणीच उठल्या. भोपाळचा हुकूम त्यांनी परत पाठवला, आणि नागपूरला वहिनीसाठी एक छान सतरंजी.

राहिलो मी. मला नोकरी लागली, भोपाळला, सरकारी, "सेवेशी सादर" लिहूनच. स्टेशनवर ताई पोचवायला आल्या होत्या. "अर्जाने मिळाली ना? मग सवय ठेव, पाठ वाकवूनच बस," म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा हातात कोंबला.

नशिबाने मी त्यांच्याच जुन्या खात्यात पडलो. ग्वाल्हेरहून आलेल्या दप्तरांचा क्रम तिथे कुणाला लागतच नव्हता. शेवटी साहेबांनी ठरवलं, त्या बाईंना परत बोलवा, जुना हुद्दा देऊ, डोक्यावर कुणी असणार नाही. मसुदा करायला सांगितला मला. मी जीव ओतला. पाऊण पान झालं, त्यात हत्ती तेवढे नव्हते.

उत्तर आठवड्यात आलं. साहेबांनी सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं.

"आपले पत्र पोचले. भोपाळसाठी माझ्याकडे सध्या जागा रिकामी नाही. जुनी दप्तरे मी लावली तशीच बांधून गेली होती. ज्यांनी सोडली त्यांना विचारावे. गुरुवारी अकरा वाजता मी कामात असते. कोणी येऊ नये."

खाली शाईने एक ओळ होती: "मसुदा बी.ए.चा दिसतो. अजून अर्जच लिहितो."

"ये बी.ए. कौन है?" साहेबांनी विचारलं.

मी मान खाली घातली. साहेबांना वाटलं, शरमेने. मी चष्मा काढून पुसत होतो.